घरची बोली, सत्तेची भाषा आणि आपला समाज

महाराष्ट्रात भाषेवरून रण पेटले की एक गोष्ट हमखास घडते. दोन्ही बाजूंनी बोलणारे सुस्थितीतले असतात, आणि ज्यांच्या लेकरांच्या शिक्षणाचा प्रश्न असतो त्या वस्तीतल्या आईबापांना कोणी विचारीत नाही. २०२५ मध्ये हेच झाले. १६ एप्रिलला राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करणारा निर्णय काढला. राज्यभर ओरड झाली. १७ जूनला तोच निर्णय शब्द फिरवून पुन्हा काढण्यात आला आणि अखेर २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती जाहीर झाली. हिंदी लादू नये ही भूमिका योग्यच होती आणि आम्हीही त्याच बाजूचे आहोत. परंतु अडीच महिन्यांच्या त्या गदारोळात आमच्या कामाचा प्रश्न बाजूलाच राहिला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिकून दहावी झालेल्या आमच्या मुलामुलीला इंग्रजीचे एक पान वाचून त्याचा अर्थ सांगता येतो काय? आणि येत नसेल तर ती जबाबदारी कोणाची? त्या मुलाची, की ज्या व्यवस्थेने सत्तेचे सारे व्यवहार त्या भाषेत ठेवले तिची?

हा प्रश्न आम्हाला पुस्तकातून पडलेला नाही. ॲट्रॉसिटीच्या एका प्रकरणात आम्ही फिर्यादी बाईच्या बाजूने उभे होतो. वरच्या न्यायालयाचा आदेश आला. अकरा पाने, सर्व इंग्रजीत. ती बाई कोर्टाच्या पायरीवर बसून ती पाने उलटीपालटी करीत होती. आम्हाला पाहताच तिने विचारले, "वकीलसाहेब, आपुन जितलो का हारलो?" मार तिने खाल्ला होता, गावाचा बहिष्कार तिने सोसला होता, फिर्याद तिची होती. आणि निकाल काय लागला हे तिला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागत होते. तिचा मुलगा बारावी पास होता. तो शेजारीच उभा होता आणि त्यालाही ती पाने वाचता येत नव्हती. आईपेक्षा त्याची मान अधिक खाली गेली होती. त्या मुलाची ती खाली गेलेली मान हाच या लेखाचा विषय आहे.

आपल्या समाजाच्या घरात कोणती भाषा बोलली जाते? सरकारी उत्तर आहे मराठी. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. देशातील ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रातच आहेत, म्हणजे बहुतेकांच्या घरात मराठीच आहे. पण कोणती मराठी? कोठे वऱ्हाडी, कोठे झाडी बोली, कोठे मराठवाडी, कोठे कोकणातील वाडीची बोली. हे मूल शाळेत जाते तेव्हा पाठ्यपुस्तकाची मराठी त्याला अर्धीच ओळखीची असते. 'हाय' म्हटले की वर्गात हशा होतो, 'आहे' म्हणायला त्याला शिकवले जाते. म्हणजे शहरातल्या सुशिक्षित घरातील मुलाला घर ते इंग्रजी एवढा एकच टप्पा ओलांडायचा असतो. आमच्या मुलाला दोन टप्पे आहेत. पहिला घरच्या बोलीपासून पुस्तकी मराठीपर्यंत आणि दुसरा तेथून इंग्रजीपर्यंत. दोघांना एकाच रेषेवर उभे करून शर्यत लावायची आणि मागे पडला त्याला मंद ठरवायचे, याला गुणवत्ता म्हणतात!

दलित साहित्याने या घरच्या बोलीला १९६० नंतर छापील पानावर आणले, हे त्या साहित्याचे मोठे काम आहे. बाबुराव बागूल, दया पवार, नामदेव ढसाळ यांनी वस्तीची भाषा जशीच्या तशी लिहिली. १९७२ च्या 'गोलपिठा'ला प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना त्यातील कित्येक शब्दांचे अर्थ विचारून घ्यावे लागले होते. म्हणजे अपुरी भाषा आमच्याच घरात होती असे नाही. आज मात्र आमच्याच वसाहतीत 'माय' म्हणणाऱ्या लेकराला 'मम्मी म्हण' म्हणून दटावले जाते. घरची बोली विसरली म्हणजे इंग्रजी आली, असा आमच्यातल्या काहींचा समज झाला आहे. तो समूळ चुकीचा आहे.

आता आकडे पाहू. २०११ मध्ये इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे संपूर्ण भारतात २ लाख ६० हजारांच्या आसपास होते आणि त्यातले १ लाखाहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून इंग्रजी येते असे सांगणारे मात्र सुमारे १२ कोटी ९० लाख. म्हणजे देशात दहापैकी नऊ जणांना ती येत नाही, आणि तरीही उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, वैद्यकीय शिक्षण, तंत्रशिक्षण आणि बड्या कंपन्यांच्या मुलाखती त्याच भाषेत चालतात. दुसरीकडे बौद्धांचे साक्षरतेचे प्रमाण २०११ मध्ये ८१.२९ टक्के होते, देशाचे ७२.९८ टक्के. 'शिका' हा आदेश समाजाने पाळला, याचा हा पुरावा आहे. परंतु साक्षर होणे आणि सत्तेची भाषा हातात येणे यात अंतर आहे. आमच्या त्या बाईचा मुलगा साक्षरच होता.

इंग्रजी आणि जात यांचा संबंध केवळ शाळेपुरता नाही. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी आपल्या मुंबईत, दादर भागात, मराठीभाषक घरांचा मोठा अभ्यास केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना आढळले ते असे. कष्टकरी जातींतील मुलगे मराठी माध्यमातच राहिले, कारण जातभाईंच्या ओळखीने गिरणीत, कारखान्यात चिकटता येत होते. तेथे इंग्रजीची गरज नव्हती. नव्वदच्या दशकात अर्थव्यवस्था बदलली, इंग्रजी येणाऱ्यांची मिळकत वाढली, तरी ही वाट सुटली नाही. त्याच घरांतील मुली मात्र झपाट्याने इंग्रजी माध्यमाकडे वळल्या, कारण त्यांना नोकरीला लावणारे जातीचे जाळे कधी नव्हतेच. जे जाळे एका पिढीला पोटाला लावते तेच पुढच्या पिढीच्या पायात बेडी होऊन पडते. जात मनुष्याचा धंदा ठरवते हे बाबासाहेबांनी सांगितले होते. ती त्याच्या शाळेचे माध्यमही ठरवते, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

आणि पैशाचा हिशोब? २००५ च्या देशव्यापी पाहणीवरून आझम, चिन आणि प्रकाश या अभ्यासकांनी काढलेला निष्कर्ष असा की, इंग्रजी अजिबात न येणाऱ्या पुरुषापेक्षा ती सफाईने बोलणाऱ्याची तासाची मिळकत सरासरी ३४ टक्क्यांनी जास्त असते, आणि थोडीफार येणाऱ्याची १३ टक्क्यांनी. त्यातली खरी मेख पुढे आहे. तरुण कामगारांमध्ये हा लाभ फक्त जास्त शिकलेल्यांनाच मिळताना दिसला. म्हणजे शिक्षण अर्धवट सोडून तीन महिन्यांचा 'फाडफाड इंग्रजी'चा क्लास लावला तर हाती काही लागत नाही. इंग्रजी हवी आणि तिच्यासोबत भक्कम शिक्षणही हवे.

येथे मराठी अस्मितेचे ठेकेदार आम्हाला उपदेश करतात की मातृभाषेतून शिका. बालकाला समजणाऱ्या भाषेत शिकवावे हे शास्त्र आम्हाला मान्य आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३५०क मध्ये ते आहे, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये ते आहे. पण हा उपदेश करणाऱ्यांची नातवंडे कोणत्या शाळेत जातात ते एकदा जाहीर व्हावे! २००० साली शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांनी मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू केला तेव्हा केवढा गहजब झाला होता. तोपर्यंत आमच्या मुलांना इंग्रजीचे अक्षर पाचवीत दिसत होते. त्या निर्णयाला आता पाव शतक झाले. फळ काय? 'असर'च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील आठवीच्या मुलांपैकी ४६.७ टक्के मुलांनाच इंग्रजीतील साधी वाक्ये वाचता आली. २०१६ मध्ये हे प्रमाण ४५.२ टक्के होते. विषय वेळापत्रकात आला, शिकवणारा शिक्षक मात्र तयार झाला नाही.

दोष आमच्याही पदरात घेतला पाहिजे. वस्तीच्या तोंडावर दोन खोल्यांत 'इंग्लिश मीडियम'ची पाटी लागते. टाय, बूट, बसची फी यात आईच्या धुणीभांड्याची कमाई जाते. शिकवणाऱ्या बाईंनाच इंग्रजी येत नसते, म्हणून पाठांतर चालते. पाचवीपर्यंत त्या मुलाला इंग्रजी येत नाही आणि मराठीही धड लिहिता येत नाही. दोन्ही काठ सुटतात. अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई मराठी माध्यमात शिकले आणि १४ मे २०२५ रोजी देशाचे सरन्यायाधीश झाले, हे अशा आईबापांनी ध्यानात घ्यावे. शाळेच्या पाटीने भाषा येत नाही. भाषा शिकवावी लागते.

या प्रश्नात आमचा वारसा स्पष्ट आहे. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. जोतीराव पुण्याच्या मिशनरी शाळेत शिकले आणि त्यांनी लिहिले मात्र शेतकऱ्याला कळेल अशा मराठीत. रामजी सुभेदार भीमरावांकडून स्वतः इंग्रजीचा आणि भाषांतराचा सराव करून घेत. संस्कृतचे दार बंद करण्यात आले तेव्हा बाबासाहेबांनी फारसी घेतली आणि १९१२ मध्ये इंग्रजी व फारसी हे विषय घेऊन ते पदवीधर झाले. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला तो इंग्रजीत. १९१९ मध्ये साऊथबरो समितीपुढे साक्ष दिली ती इंग्रजीत. आणि दुसऱ्याच वर्षी, ३१ जानेवारी १९२० रोजी, 'मूकनायक' काढला तो मराठीत. सत्तेशी सत्तेच्या भाषेत बोलायचे आणि समाजाशी समाजाच्या भाषेत, ही त्यांची रीत होती. एकीसाठी दुसरी सोडावी असे त्यांनी कधी केले नाही. मग आज आमच्यापुढे 'मराठी की इंग्रजी' असा सवाल कोण आणि कशासाठी टाकतो, याचा विचार करा.

आता कायद्याकडे येऊ. लोकांच्या घरची भाषा आणि त्यांना येणारी इंग्रजी यांची मोजणी केली की शासनावर जबाबदारी कशी येते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. तेथे १९८० च्या जनगणनेपासून पाच वर्षांवरील व्यक्तींबद्दल, नमुन्यादाखल निवडलेल्या घरांत, तीन गोष्टी विचारल्या जातात. घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता काय? कोणती? आणि इंग्रजी कितपत येते, फार चांगली, चांगली, फारशी नाही की मुळीच नाही? आता ही माहिती दरवर्षीच्या पाहणीतून गोळा होते. २०१९ मध्ये घरी दुसरी भाषा बोलणारे तेथे सुमारे ६ कोटी ८० लाख होते. हे आकडे कपाटात पडून राहत नाहीत. मतदान हक्क कायद्याप्रमाणे एखाद्या भागात ठरावीक भाषिक अल्पसंख्याकांपैकी इंग्रजी कमी येणाऱ्या मतदारांचे प्रमाण कायद्याने आखलेल्या मर्यादेवर गेले की त्यांच्या भाषेत मतपत्रिका द्यावी लागते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात बंगाली मतपत्रिका आली ती याच कायद्याने. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, भाषाच न समजणाऱ्या मुलाला इतरांसारखेच पुस्तक, तोच वर्ग आणि तोच शिक्षक दिला म्हणजे समता झाली असे होत नाही. हा निवाडा आमच्या प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर असायला हवा.

पण त्याच देशाने दुसरा धडाही दिला. सरकारी कार्यालयांनी इंग्रजी न येणाऱ्यांना त्यांच्या भाषेत मदत द्यावी असा आदेश राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी २००० मध्ये काढला होता. १ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी इंग्रजीला राजभाषा घोषित करताना एका सहीने तो रद्द केला. मतदान हक्क कायद्यातील कलम मात्र त्या सहीने पुसता आले नाही, कारण ते संसदेने केलेले होते. आदेशाने मिळते ते आदेशाने जाते.

आपल्याकडेही हाच अनुभव आहे. खासगी शाळांतील २५ टक्के जागा गरीब व वंचित मुलांना शिक्षण हक्क कायद्याने मिळाल्या. वस्तीतल्या मुलाला चांगल्या इंग्रजी शाळेत जाण्याची ती एक वाट आहे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने नियम बदलला आणि एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट दिली. शहरात अशी शाळा एक किलोमीटरच्या आत नसते तरी कोठे? म्हणजे दार बंदच. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी हा नियम रद्द केला आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही सरकारचा बदल उचलून धरण्यास नकार दिला. हक्क कायद्यात होता म्हणून तो वाचवता आला. तो एखाद्या परिपत्रकात असता तर आम्ही न्यायालयात काय दाखवणार होतो?

न्यायालयांच्या भाषेचेही तेच. अनुच्छेद ३४८ प्रमाणे वरिष्ठ न्यायालयांची भाषा इंग्रजी आहे. राज्यपालांना राष्ट्रपतींच्या संमतीने उच्च न्यायालयात राज्याच्या भाषेला परवानगी देता येते, आणि राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश व बिहार यांना हिंदीसाठी ती मिळालीही. महाराष्ट्रात खालच्या न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, पण प्रकरण वर गेले की फिर्यादीच्या हातून तिची भाषा सुटते. साक्षीपुरावा आरोपीला समजेल अशा भाषेत सांगावा अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१४ मध्ये आहे. ती आरोपीसाठी आहे, पीडितासाठी नाही. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५क ने पीडिताला प्रत्येक कार्यवाहीची वेळेवर सूचना मिळण्याचा आणि म्हणणे मांडण्याचा हक्क दिला. पण न समजणाऱ्या भाषेतल्या आदेशावर म्हणणे मांडायचे कसे?

आणि सुरुवात तर ठाण्यातच होते. जातीवाचक अपमानाच्या गुन्ह्यात नेमके शब्द महत्त्वाचे असतात. बाई आपल्या बोलीत सांगते, अंमलदार ते पोलिसी मराठीत लिहितो, 'जातीवाचक शिवीगाळ केली' एवढ्या तीन शब्दांत. पुढे त्याचे इंग्रजी होते आणि शिवी, जागा, साक्षीदार सारे गळून जाते. मग वर विचारले जाते, नेमके काय म्हटले होते? म्हणून याच कायद्याच्या कलम ४ ने तोंडी दिलेली फिर्याद लिहून झाल्यावर सहीपूर्वी वाचून दाखवणे हे लोकसेवकाचे कर्तव्य ठरवले आहे. अनुसूचित जाती-जमातीचा नसलेला लोकसेवक ते हेतुपुरस्सर टाळील तर त्याला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. कार्यकर्त्यांनी हे कलम तोंडपाठ करावे. फिर्याद बाईच्याच शब्दांत लिहा, वाचून दाखवा, मगच सही, असे ठामपणे सांगावे.

आमच्या मागण्या नेमक्या आहेत. २०२७ ची जनगणना जातीच्या मोजणीसह होणार असल्याचे केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. २०११ च्या अर्जात मातृभाषा आणि येणाऱ्या आणखी दोन भाषा विचारल्या होत्या, त्या कितपत येतात हे विचारले नव्हते. नव्या जनगणनेतील भाषेचे तक्ते जातनिहाय व धर्मनिहाय, तालुक्यापर्यंत प्रसिद्ध झाले पाहिजेत. इंग्रजी कितपत येते याची वेगळी पाहणी बार्टीने करावी. दुसरे, कलम १५क मध्ये पीडित व साक्षीदारांसाठी राज्याने योजना करायची आहे. त्या योजनेत प्रत्येक आदेशाची प्रमाणित मराठी प्रत विनामूल्य देण्याची तरतूद हवी. तिसरे, जिल्हा परिषद व महापालिकेच्या प्रत्येक शाळेत इंग्रजीसाठी प्रशिक्षित शिक्षक हवा आणि तो नसेल तर दाद मागण्याची सोय नियमांत हवी.

आणि सरकारची वाट न पाहता करण्याचे एक काम आहे. गावोगावी आपले विहार आहेत, शिकलेले नोकरदार आहेत, कायद्याचे विद्यार्थी आहेत. रविवारी वंदनेनंतर एक तास द्या. एक सरकारी इंग्रजी पत्र किंवा निवाड्याचे एक पान घ्या, मुलांकडून वाचून घ्या, त्याचा अर्थ आपल्या बोलीत सांगायला लावा. वऱ्हाडीत सांगा, मालवणीत सांगा, कोणी हसणार नाही. रामजी सुभेदारांनी घरात हेच केले होते, तेही साध्या शिपाईगिरीतून वर आलेल्या माणसाने. पुढच्या वेळी कोर्टाच्या पायरीवर एखादी माय विचारील, आपुन जितलो का हारलो, तेव्हा उत्तर वकिलाने देण्याची गरज पडू नये. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या लेकराने ते पान हातात घ्यावे आणि मान वर करून आईला सांगावे.

जयभीम!